चाचणीचे गुण आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष : आठवीच्या मराठी चाचणीची सप्रमाणता

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे आजूबाजूच्या अनेक प्राथमिक शाळांतून मुले येतात. जूनमध्ये सेतुबंधाच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीच्या, वेळी ते ४० गुणांची मराठीची लेखी चाचणी घेतात आणि १४ पेक्षा कमी गुण मिळालेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर वाचन-लेखनाचा जादा वर्ग चालवतात. उत्तरपत्रिका दोन शिक्षक स्वतंत्रपणे तपासतात आणि दोघांच्या गुणांत क्वचितच फरक पडतो. तरीही जादा वर्गात बसवलेल्या मुलांपैकी काही जण वर्तमानपत्र घडाघडा वाचतात, आणि उलट तीस-बत्तीस गुण मिळवलेल्या काही मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातला परिच्छेद वाचून त्यात काय सांगितले आहे हे सांगता येत नाही. तपासणी इतकी चोख असताना असे का व्हावे, बी.एड.ला वाचलेल्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच चाचणी मोजते का या मुद्द्याचा, याच्याशी काही संबंध आहे का, मुले ‘मी धडा वाचलो’ असे लिहितात त्याचे गुण कापावेत की नाही, आणि पुढच्या जूनमध्ये निवड कशी करावी, असे त्यांचे विचारणे आहे. सोबत त्यांनी प्रश्नपत्रिकाही दिली आहे, त्यामुळे नेमके बोलता येईल.

सर, आपल्या अडचणीचे मूळ सप्रमाणतेतच आहे. दोन तपासनीसांचे गुण जुळतात याला विश्वसनीयता म्हणतात आणि ती आपण चांगली सांभाळली आहे. ही लहान गोष्ट नव्हे, कारण बहुतेक शाळांत तीही पाहिली जात नाही. पण विश्वसनीयतेवरून एवढेच कळते की जे काही मोजले गेले ते स्थिरपणे मोजले गेले. काय मोजले गेले, हे त्यावरून कळत नाही. तापमापक कितीही अचूक असला तरी त्याच्या आकड्यावरून रक्तातली साखर सांगता येत नाही, आणि सांगू गेल्यास दोष तापमापकाचा नसून सांगणाऱ्याचा असतो. आपल्या चाचणीत नेमके हेच झाले आहे.

बी.एड.च्या पुस्तकांत सप्रमाणतेची व्याख्या सहसा एका वाक्यात दिलेली असते : चाचणी जे मोजण्यासाठी तयार केली तेच ती मोजत असेल तर ती सप्रमाण. अमेरिकी भाषातज्ज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये भाषा-चाचण्यांविषयी लिहिताना हाच साधा प्रश्न विचारला होता आणि सुरुवातीला तो पुरेसा आहे. त्यात अडचण एवढीच की त्यामुळे सप्रमाणता हा प्रश्नपत्रिकेचा गुणधर्म आहे, म्हणजे अमुक प्रश्नपत्रिका सप्रमाण आणि तमुक नाही, असा समज होतो. क्रॉनबॅक आणि मील या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते की बुद्धी, आकलन, भाषाक्षमता यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजताना आपण प्रत्यक्षात एक अनुमान करत असतो आणि त्या अनुमानाला पुरावा लागतो. पुढे १९८९ मध्ये मापनतज्ज्ञ सॅम्युएल मेसिक यांनी हा विचार पूर्णत्वाला नेला : सप्रमाणता असते ती गुणांवरून काढलेल्या निष्कर्षाची आणि त्या निष्कर्षावरून केलेल्या कृतीची. म्हणून एकच प्रश्नपत्रिका एका कामासाठी योग्य आणि दुसऱ्या कामासाठी निरुपयोगी ठरू शकते. याच क्षेत्रातले मायकेल केन यांनी त्यापुढे जाऊन असे मांडले की गुणांपासून निर्णयापर्यंतची प्रत्येक पायरी लिहून काढावी आणि प्रत्येक पायरीला आधार काय आहे ते तपासावे. शाळेतल्या शिक्षकाला या सगळ्या चर्चेतून जर एकच गोष्ट उचलायची असेल तर ही पायऱ्या लिहून काढण्याची सवय उचलावी, असे माझे मत आहे.

आपल्या बाबतीत त्या पायऱ्या अशा आहेत. मुलाला ४० पैकी ११ गुण मिळाले. त्यावरून आपण म्हणता की याला मराठी वाचून समजत नाही. त्यावरून पुढे म्हणता की आठवीची इतर विषयांची पुस्तके याला झेपणार नाहीत. त्यावरून ठरवता की याने रोज तासभर जास्त थांबावे. पहिल्या पायरीवरच थांबून प्रश्नपत्रिका पाहू. सातवीच्या धड्यांवरील रिकाम्या जागा आणि एका वाक्यातील उत्तरे यांना १२ गुण, कवितेच्या ओळी पूर्ण करण्याला ४, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि वाक्प्रचार यांना ८, उताऱ्याला ६ आणि निबंधाला १० अशी वाटणी आहे. म्हणजे ४० पैकी २४ गुण सातवीचे पुस्तक किती लक्षात राहिले यावर आहेत. निबंधाचा विषय ‘माझा आवडता सण’ असल्यामुळे त्याचेही बरेचसे गुण पाठांतरावर मिळतात. मुलाने आधी न पाहिलेला मजकूर वाचून समजून घेतला की नाही, हे पाहणारे गुण फक्त ६ आहेत. ज्या शाळेत सातवीच्या धड्यांची उत्तरे फळ्यावर लिहून घोकून घेतली गेली, तिथली मुले ३० च्या पुढे जातील; ज्या शाळेत शिक्षकाने धडे कमी पण अवांतर वाचन भरपूर करून घेतले, तिथली मुले १४ च्या खाली राहू शकतील. आपल्याला दिसलेला विरोधाभास बराचसा इथे उलगडतो. मेसिक यांनी सप्रमाणतेला असलेले जे दोन मोठे धोके सांगितले त्यांतला हा पहिला : जे मोजायचे होते त्याचा फार थोडा भाग चाचणीत उतरला.

उरलेल्या ६ गुणांचेही थोडे परीक्षण करू, कारण तिथेही एक अडचण दडलेली आहे. कोणताही अर्थ नसलेले शब्द घालून केलेले एक वाक्य घ्या : ‘परवा सांजेला मेरटूने झांकुळातून तीन तोरंभे उपसले आणि ते पिळगाला दिले.’ आता प्रश्न विचारा : मेरटूने काय उपसले? तोरंभे कोणाला दिले? झांकुळातून किती तोरंभे निघाले? वर्गातले जवळजवळ प्रत्येक मूल तिन्ही उत्तरे बरोबर लिहील, आणि तोरंभा म्हणजे काय हे मात्र कोणालाही, अगदी मलाही, सांगता येणार नाही. मराठीच्या विभक्ती प्रत्ययांवरून कर्ता, कर्म आणि ज्याला दिले तो, हे सगळे वाक्यावरच स्पष्ट असते. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि शेजारचा शब्द उचलायचा. ही शिकलेल्या मुलाची खरी क्षमता आहे, तिला मी तुच्छ मानत नाही, पण तिला आकलन म्हणता येत नाही. आपल्या उताऱ्यावरचे सहापैकी पाच प्रश्न या जातीचे आहेत.

त्याऐवजी असा एखादा छोटा उतारा घेऊन पाहा. ‘रोहिणी कोरड्या गेल्या, मृगातही पाऊस लागला नाही. आषाढात चार दिवस झड लागली, तेव्हा गावातल्या सगळ्यांची रोपलावण एकदमच आली. परशरामच्या आईला लावणीला माणसे मिळेनात. सोमवारी परशराम शाळेत आला नाही. मंगळवारी आला तेव्हा वर्गात त्याचे डोळे मिटत होते.’ यावर ‘झड किती दिवस लागली?’ हा प्रश्न जुन्याच जातीचा झाला. पण ‘आईला माणसे का मिळाली नाहीत?’ याचे उत्तर एका वाक्यात उचलून मिळत नाही; सगळ्यांची लावण एकाच वेळी आली म्हणजे सगळे आपापल्या शेतात गुंतले, हा दुवा मुलाला स्वतः जोडावा लागतो. ‘सोमवारी परशराम कोठे असावा आणि ते कशावरून?’ या प्रश्नात तर ‘कशावरून’ हाच महत्त्वाचा भाग आहे. ज्या मुलाला हे जमते त्याला विज्ञानाच्या पुस्तकातला कार्यकारणाचा परिच्छेदही बहुधा जमतो, आणि जमतो की नाही हे आपण पुढच्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष पाहू शकता. उताऱ्याच्या निवडीत एक काळजी मात्र घ्यावी. नंदगड किंवा जांबोटीच्या मुलाला रोपलावण ठाऊक असते. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत वाढलेल्या मुलाला ती ठाऊक असेलच असे नाही, आणि मग तोच उतारा त्याच्यासाठी शेतीच्या माहितीची परीक्षा होतो. आपल्या शाळेत दोन्हीकडची मुले येत असतील तर निदान दोन वेगवेगळ्या विषयांवरचे उतारे ठेवावेत.

हा झाला दुसऱ्या धोक्याचा विषय : जे मोजायचे नव्हते त्याचा गुणांवर परिणाम होणे. सीमाभागातील मराठी शाळांत हा धोका पहिल्यापेक्षाही मोठा आहे, असे मी मानतो, कारण आपल्याकडे एकाच वर्गात किती वेगवेगळ्या मराठी बोलल्या जातात याचा विचार प्रश्नपत्रिका काढणारा क्वचितच करतो. घरी बेळगावी मराठी बोलणारे, कणकुंबीकडून कोकणी वळणाची बोली घेऊन आलेले, घरी कन्नड किंवा उर्दू असलेले पण गावात मराठी शाळा आहे म्हणून तिथे आलेले, अशी सगळी मुले एका बाकावर बसतात. त्यांत आणखी भर म्हणजे, अनेक शिक्षक सोय म्हणून कोल्हापूर किंवा चंदगडकडचे तयार प्रश्नसंच वापरतात. ते बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात, आणि आपली मुले मात्र कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकांतून शिकून आलेली असतात. आपल्या प्रश्नपत्रिकेतही लोकल गाडीचा पास आणि प्लॅटफॉर्मवरील गर्दी यांविषयीचा उतारा अशाच संचातून आलेला दिसतो. लोंढ्याच्या स्टेशनावर वाढलेल्या मुलालाही मुंबईची लोकल म्हणजे काय हे सांगावे लागते. अशा उताऱ्यावर कमी पडलेले मूल मराठीत कमी पडले असे आपण म्हटले, तर तो त्याच्यावर अन्याय आहे आणि आपल्या निर्णयाचेही नुकसान आहे.

आता ‘मी धडा वाचलो’ याविषयी. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘मी धडा वाचला’, ‘मी पोळी खाल्ली’. बेळगाव भागाच्या बोलीत ते कर्त्याप्रमाणे चालते, म्हणून ‘मी धडा वाचलो’, ‘मी काम केलो’. शेजारच्या कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणेच चालते आणि पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा एकत्र नांदल्याचा हा परिणाम आहे. प्रमाण मराठीतही ‘मी कविता शिकलो’, ‘मी छत्री विसरलो’, ‘मी चार शब्द बोललो’ हे प्रयोग शुद्ध मानले जातात आणि त्यांत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते. म्हणजे आपल्या मुलाने कोणताही नियम न पाळता काहीतरी लिहिलेले नसते. त्याने एक नियम सर्व क्रियापदांना सरसकट लावलेला असतो. हे मी त्याच्या बाजूने वकिली करण्यासाठी सांगत नाही. गुण कापायचे की नाही हे ठरवताना, या रूपावरून मुलाविषयी नेमके काय कळते, हे आधी स्पष्ट असावे म्हणून सांगतो. यावरून एवढेच कळते की त्याला या ठिकाणी प्रमाण लेखनाचे रूप अजून अंगवळणी पडलेले नाही. त्याला मजकूर समजला नाही, असे यावरून मुळीच कळत नाही.

म्हणून माझे उत्तर प्रश्नागणिक वेगळे आहे. उताऱ्यावरील आकलनाच्या प्रश्नात ‘परशराम आईसोबत लावणीला गेल्ता, म्हणून त्याला झोप येलालती (येत होती)’ असे उत्तर आले तर पूर्ण गुण द्यावेत. तिथे एक गुणही कापला तर आपण आकलनाच्या नावाखाली बोली मोजत आहोत. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहा असा प्रश्न असेल तर तिथे प्रमाण रूपांची अपेक्षा रास्त आहे, कारण औपचारिक लेखन येते का हेच तिथे मोजायचे आहे. पण गुणदान योजनेत भाषेच्या रूपाचे गुण वेगळ्या ओळीत दाखवावेत, एकच रूप पाच वेळा चुकले तरी ते एकदाच मोजावे, आणि हे मुलांना आधी सांगितलेले असावे. जादा वर्गाची निवड वाचन-आकलनासाठी असेल तर या ओळीतले गुण निवडीच्या बेरजेत धरूच नयेत. आणि हे सगळे करूनही वर्षभर प्रमाण रूपे मन लावून शिकवावीत, याविषयी मी आग्रही आहे. दहावीला प्रथम भाषा मराठीला अंतर्गत २५ धरून १२५ गुण असतात, तिथला तपासनीस कोठल्या गावाचा असेल हे आपल्या हाती नसते, आणि पुढे अर्ज, मुलाखती, छापील मजकूर या सगळ्या ठिकाणी आपल्या मुलांना त्या रूपांची गरज पडणार असते. शिकवण्याची जबाबदारी वेगळी आणि मोजण्याची वेगळी. पहिली टाळून दुसरीत भरपाई करता येत नाही.

आपण पुरावा म्हणून जे निरीक्षण दिले आहे त्याचीही हीच तपासणी करायला हवी. जादा वर्गातली काही मुले वर्तमानपत्र घडाघडा वाचतात, यावरून ती मुले चुकून तिथे आली असा आपला निष्कर्ष आहे. तो खरा असेलही, पण घडाघडा वाचणे हा आकलनाचा पुरेसा पुरावा नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असल्यामुळे, अक्षरे आणि जोडाक्षरे पक्की झालेले मूल न समजलेला मजकूरही अस्खलित वाचू शकते. घरी कन्नड असलेली हुशार मुले तर हे फार चांगले करतात, आणि त्यामुळेच त्यांची अडचण शिक्षकाच्या लक्षात उशिरा येते. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या असर सर्वेक्षणात मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. मुळात वाचता येते का, एवढे पाहण्यासाठी आणि मोठ्या लोकसंख्येचे चित्र मिळवण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. पण तेच साधन घेऊन आठवीच्या मुलाला पाठ्यपुस्तक झेपेल असे कोणी म्हटले, तर ते विधान त्या साधनाच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्रकट वाचन झाल्यावर ‘यात काय सांगितले आहे ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढे विचारा आणि मुलाला त्याच्या बोलीत, हवे तर अधूनमधून कन्नडमध्येही, सांगू द्या. समजले की नाही हे त्यावरून कळेल.

शाळेच्या पातळीवर पुरावा कसा गोळा करावा, हे सांगतो. अमेरिकेतील तीन संघटनांनी मिळून तयार केलेली आणि २०१४ मध्ये सुधारलेली मापनाची मानके पुराव्याचे पाच स्रोत मानतात : चाचणीचा आशय, उत्तर देताना मुलाच्या मनात चालणारी प्रक्रिया, चाचणीची अंतर्गत रचना, इतर मोजमापांशी असलेला संबंध, आणि चाचणीचे परिणाम. मोठ्या मंडळांकडे यासाठी संख्याशास्त्रज्ञ असतात. आपल्याकडे दोन-तीन शिक्षक आणि दुपारची सुट्टी असते, पण तेवढ्यात होण्यासारखे बरेच आहे.

सर्वांत जास्त उपयोग मला मुलांशी बोलण्याचा झाला आहे. चाचणी झाल्यावर वेगवेगळ्या पातळीची पाच-सहा मुले एकेकटी बोलवा, उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि प्रत्येक उत्तराबाबत विचारा, ‘हे कुठून काढलंस?’ ‘प्रश्नातला शब्द वर सापडला, म्हणून शेजारचं लिहिलं’, ‘सरांनी सातवीत लिहून दिल्तं’, ‘प्रश्नच कळला नाही, म्हणून दोन ओळी उतरवल्या’ अशी उत्तरे मिळतात, आणि त्यांतून प्रश्नाचा खरा स्वभाव जितका कळतो तितका कोणत्याही तक्त्यावरून कळत नाही. दुसरी गोष्ट, उताऱ्यावरचे प्रश्न उतारा न देता दुसऱ्या एखाद्या तुकडीला सोडवायला द्या. उतारा न वाचता निम्म्याहून जास्त मुलांना उत्तर येत असेल तर तो प्रश्न वाचनाचा नाही, सामान्यज्ञानाचा आहे. तिसरी गोष्ट, साधारण सारखे एकूण गुण मिळालेल्या मुलांचे घरच्या भाषेप्रमाणे गट करा आणि प्रत्येक प्रश्नात कोणता गट अडखळला ते पाहा. एकूण क्षमता सारखी असताना एकाच प्रश्नावर एकाच गटातली मुले पडत असतील तर त्या प्रश्नात काहीतरी परके शिरले आहे. मुलांची संख्या कमी असेल तर यावरून पक्का निष्कर्ष काढू नये, पण तो प्रश्न पुन्हा वाचून पाहण्याइतके कारण नक्कीच मिळते. चौथी गोष्ट, सहकारी विज्ञान आणि समाजविज्ञान शिक्षकांना ऑगस्टमध्ये विचारा की पुस्तक वाचून समजण्यात त्यांना कोण अडलेले दिसते, आणि ती नावे जूनच्या गुणांशी ताडून पाहा. ही ताडणी करण्याआधी त्यांना जूनचे गुण दाखवू नयेत, नाहीतर ते आपलेच मत आपल्याला परत सांगतील.

अंतर्गत रचनेविषयी एवढेच की आकलन, शब्दसंपत्ती, लेखन यांचे गुण वेगवेगळे नोंदवावेत. सगळे मिळून एक बेरीज केली की कोणाला कशाची मदत हवी हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

परिणामांचा मुद्दा मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे. १४ हा आकडा कोठून आला? ४० चे ३५ टक्के म्हणजे १४, आणि पूर्वापार पस्तीस टक्क्यांना पास म्हणण्याची आपली सवय, यापलीकडे त्याला आधार दिसत नाही. ज्याला १३ मिळाले त्याला मदतीची गरज आहे आणि ज्याला १५ मिळाले त्याला नाही, असे म्हणण्याइतकी सूक्ष्मता कोणत्याही वर्गचाचणीत नसते. त्यातही जादा वर्गाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. शाळेशेजारी राहणारे मूल पाच वाजता थांबले तर काही बिघडत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावरच्या वाड्यांत राहणाऱ्या मुलीची त्याच वेळची बस चुकली तर पुढचा रस्ता रानातला असतो, आणि पावसाळ्यात घरचे लोक तिला शाळेतच पाठवायचे बंद करण्याची भीती असते. तिची निवड चुकीच्या प्रश्नामुळे झाली असेल तर चाचणीतल्या त्या एका प्रश्नाची किंमत फार मोठी होते. मेसिक यांनी परिणामांचा विचार सप्रमाणतेच्या आत आणला, याचे महत्त्व मला अशा मुलींकडे पाहून पटले आहे. चाचणीचा अध्यापनावर होणारा परिणामही यातच येतो. आल्डरसन आणि वॉल या भाषा-चाचण्यांच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये बजावले होते की असा परिणाम होतोच हे गृहीत धरू नये, तो वर्गात जाऊन पाहावा. आपण तो पाहू शकता : आपल्या चाचणीत धड्यांच्या उत्तरांना २४ गुण आहेत हे खालच्या शाळांना माहीत झाले असेल, तर मार्च महिन्यात सातवीच्या वर्गात काय चालते ते एकदा जाऊन बघा.

कन्नड विषयाच्या चाचणीबाबतही हेच तत्त्व लागू होते. आपल्या मुलांपैकी अनेक जण आठवड्याच्या बाजारात कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि लेखी चाचणीत नापास होतात, तर काही जण कन्नड कविता तोंडपाठ लिहून चांगले गुण मिळवतात आणि तहसीलदार कार्यालयातला साधा अर्ज त्यांना वाचता येत नाही. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत, आपल्याकडे हा भेद नाही. त्यामुळे ऱ्हस्व ओकाराचे ‘कॊडु’ म्हणजे दे आणि दीर्घ ओकाराचे ‘कोडु’ म्हणजे शिंग, यांतला फरक मराठी मुलाला ऐकू येण्यातच वेळ जातो. श्रुतलेखनात ही चूक मोजणे योग्य आहे. कन्नड उतारा समजला का, हे पाहणाऱ्या उत्तरात ती मोजणे योग्य नाही. कन्नड शिक्षकांशी बसून हे एकदा ठरवून घ्यावे.

पुढच्या जूनसाठी माझी सूचना अशी. ४० गुणांची चाचणी ठेवायचीच असेल तर तिचे दोन भाग करावेत. धड्यांवरील प्रश्न एका भागात, त्याचा उपयोग सेतुबंधात कोणता घटक पुन्हा घ्यायचा हे ठरवण्यापुरता. निवडीशी त्याचा संबंध ठेवू नये. दुसऱ्या भागात न पाहिलेले तीन लहान उतारे, एक शेतीगावाचा, एक शहरातला, एक विज्ञानाच्या पुस्तकासारखा, आणि प्रत्येकावर दुवा जोडायला लावणारे तीन-चार प्रश्न. या भागात जी मुले स्पष्टपणे खाली आहेत त्यांची निवड करावी, जी स्पष्टपणे वर आहेत त्यांना सोडावे, आणि मधल्या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाला दहा मिनिटे एकटे बसवून वाचायला लावावे व सांगायला लावावे. मधली मुले वर्गागणिक आठ-दहाच्या वर सहसा नसतात आणि दोन शिक्षकांत हे काम आठवड्याभरात होते. दोघे मिळून तपासण्याची आपली पद्धत इथेही चालू ठेवावी, कारण तोंडी उत्तरांना गुण देताना मते जास्त फाकतात. लांबून येणाऱ्या मुलांसाठी तो तास शाळा सुटल्यावर न ठेवता सकाळच्या परिपाठाआधी किंवा कार्यानुभवाच्या वेळात बसवता येतो का, हे मुख्याध्यापकांशी बोलावे. निवड वर्षभरासाठी पक्की करू नये : ऑगस्टअखेर त्याच धर्तीचे दुसरे तीन उतारे देऊन ज्यांना जमू लागले आहे त्यांना वर्गातून मोकळे करावे, आणि जूनमध्ये सुटलेल्या पण विज्ञान किंवा समाजविज्ञानाच्या शिक्षकांनी नाव दिलेल्या मुलांना आत घ्यावे.